खिशातली वही आणि कारखान्यातल्या दोन पिढ्या

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात यंत्रविभागाचा पर्यवेक्षक आहे. सातपूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून १९९१ साली टर्नरचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी कामाला लागलो, साध्या लेथवर, म्हणजे धातूचा नग फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, हात काळे केले आणि पुढे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारी सीएनसी यंत्रे आली तेव्हा तीही शिकलो. आज माझ्या विभागात चौतीस माणसे आहेत. त्यांतली अकरा पन्नाशी ओलांडलेली आहेत, सोळा जण पंचविशीच्या आतबाहेरचे आहेत आणि उरलेले माझ्यासारखे मधले. दोन्ही बाजूंचे बोलणे माझ्या कानावर येते आणि दोन्ही बाजूंची तक्रार शेवटी माझ्याच टेबलावर येते, म्हणून या विषयावर आपल्या वृत्तपत्रातून चार गोष्टी मांडाव्यात असे वाटले.

निमित्त असे झाले की, काही दिवसांपूर्वी व्यवस्थापनाने आम्हा पर्यवेक्षकांसाठी ‘कामाच्या ठिकाणी वेगवेगळ्या पिढ्या’ या विषयावर एक दिवसाचे प्रशिक्षण ठेवले होते. बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांनी पडद्यावर तक्ता दाखवला. त्यानुसार १९४६ ते १९६४ दरम्यान जन्मलेले ते बेबी बूमर, १९६५ ते १९८० मधले जेन एक्स, १९८१ ते १९९६ मधले मिलेनियल आणि त्यानंतरचे जेन झी. प्रत्येकाच्या नावापुढे स्वभाव लिहिलेला होता. कोणी निष्ठावान, कोणी संशयी, कोणी अधीर. प्रशिक्षक अभ्यासू होते आणि त्यांनी मनापासून सांगितले, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ही विभागणी अमेरिकेत झाली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जन्मदर अचानक वाढला म्हणून त्या पिढीला ते नाव पडले. निफाडच्या किंवा दिंडोरीच्या ज्या घरातून आमचे ज्येष्ठ कामगार आले, त्या घराचा या वाढीशी काही संबंध नव्हता. जन्मसालावरून स्वभाव ठरवून माणसांशी वागायला लागलो, तर समोरचा माणूस दिसायचाच बंद होईल, असे मला त्या सभागृहात बसून सारखे वाटत होते.

आमच्याकडच्या पिढ्यांच्या रेषा वेगळ्या ठिकाणी पडल्या आहेत. एक रेषा साध्या लेथवर शिकलेल्यांची आणि थेट सीएनसीवर आलेल्यांची. दुसरी मराठीतून शिकलेल्यांची आणि यंत्राच्या पडद्यावरचे इंग्रजी बिचकल्याशिवाय वाचणाऱ्यांची. तिसरी रेषा सगळ्यांत खोल आहे आणि तिच्याबद्दल प्रशिक्षणात एक शब्दही निघाला नाही. ती कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्यामधली. आमच्या विभागात पन्नाशीपुढचे जवळजवळ सगळे कायम आहेत आणि पंचविशीतले जवळजवळ सगळे कंत्राटी, ट्रेनी किंवा शिकाऊ उमेदवार आहेत. त्यामुळे वयाचे भांडण म्हणून जे दिसते, त्यातले निम्मे भांडण नोकरीच्या अटींचे असते. हे ओळखल्याशिवाय कितीही प्रशिक्षणे घेतली, तरी पाळी सुरू झाली की सगळे पुन्हा जागच्या जागी येते.

गेल्या जानेवारीतला एक प्रसंग सविस्तर सांगतो. आमच्या एका लेथवर चाळीस मिलिमीटर व्यासाच्या बोअरचे, म्हणजे नगाच्या आतल्या गोल भोकाचे, काम चालते. त्या मापाला एच-सात दर्जाची सूट मिळते, म्हणजे मापात चालणारा फरक सगळा मिळून पंचवीस मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे यंत्र गेली बारा वर्षे आमचे एक ज्येष्ठ ऑपरेटर चालवतात. सगळे त्यांना ‘काका’ म्हणतात, म्हणून मीही इथे काकाच म्हणतो. काका पुतणीच्या लग्नासाठी चार दिवस रजेवर गेले आणि त्यांच्या जागी पेठ तालुक्यातून आलेला बावीस वर्षांचा एक मुलगा पहिल्या पाळीला उभा राहिला. मुलगा हुशार आहे, हाताने स्वच्छ आहे आणि यंत्राचा प्रोग्राम त्याला काकांपेक्षा चांगला वाचता येतो.

त्या आठवड्यात थंडी कडाक्याची होती. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो तेव्हा अंबडच्या पत्र्याच्या शेडमध्येही सकाळी सातला लोखंडाला हात लावता येत नाही. मुलाने यंत्र सुरू केले, पहिला नग काढला, मोजला, माप बरोबर आले आणि त्याने काम चालू ठेवले. तासाभराने तपासणी झाली तेव्हा माप सरकलेले होते. त्याने नियमाप्रमाणे ऑफसेट, म्हणजे माप जुळवण्यासाठी यंत्रात भरलेला आकडा, दुरुस्त केला आणि पुढचे नग बरोबर आले. मग नाश्त्याची सुट्टी झाली आणि यंत्र अर्धा तास बंद राहिले. सुट्टीनंतर पुन्हा सुरू केले तर माप उलट्या बाजूला सरकले. दुपारपर्यंत सत्तेचाळीस नग रिजेक्ट झाले.

कारण साधे होते. पोलादाची एक मीटर लांबी एका अंशाने तापली की सुमारे अकरा ते बारा मायक्रॉन वाढते. यंत्राच्या आडव्या हालचालीचा तीस सेंटीमीटरचा स्क्रू गार सकाळी चालू होऊन पाच अंशांनी तापला, तर तो सतरा मायक्रॉनच्या आसपास वाढतो आणि लेथवर व्यासामध्ये ती चूक दुप्पट दिसते. एवढ्याने पंचवीस मायक्रॉनची सगळी सूट संपते. यंत्र थांबले की तो स्क्रू पुन्हा आक्रसतो आणि गरम यंत्रावर दिलेला ऑफसेट गार यंत्राला लागू पडत नाही. काका हे जाणून होते. थंडीच्या दिवसांत ते वीस मिनिटे यंत्र रिकामे फिरवत, पहिले पाच नग एकामागून एक मोजत आणि नाश्त्याच्या सुट्टीतही नग फिरवणारा स्पिंडल बंद करत नसत. हे सगळे ते बारा वर्षे करत होते आणि ते कुठेही लिहिलेले नव्हते.

त्या दिवशी विभागात जे बोलले गेले, ते आपल्या वाचकांपैकी अनेकांनी आपापल्या कार्यालयात ऐकले असेल. ज्येष्ठ म्हणाले, आजकालच्या पोरांचे लक्ष मोबाइलमध्ये असते. तरुण म्हणाले, काका लोक काही सांगतच नाहीत, सगळे स्वतःजवळ ठेवतात. अहवालात ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ असे लिहिले गेले आणि त्याखाली सही माझी होती. त्या सहीची मला आजही खंत वाटते. मुलाचा मोबाइल त्या वेळी लॉकरमध्ये होता. चूक मुलाची नव्हती आणि काकांचीही नव्हती. बारा वर्षे एका माणसाच्या डोक्यात राहिलेली गोष्ट कागदावर आणण्याची जबाबदारी माझी होती आणि ती मी पार पाडली नव्हती.

काका परत आल्यावर मी त्यांना सरळ विचारले की, हे कधी कोणाला सांगितले का नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक छोटी वही काढली. पाने तेलाने पिवळी पडली होती. प्रत्येक पानावर एका कामाचे नाव, टूलचे नंबर, इन्सर्ट (टूलचे कापणारे पाते) किती नगांनी बदलायचा, कोणत्या महिन्यात किती मायक्रॉनचा फरक धरायचा, असे बारीक अक्षरात लिहिलेले होते. वही दाखवून त्यांनी ती पुन्हा खिशात ठेवली आणि म्हणाले, “साहेब, ही वही म्हणजे माझी नोकरी आहे. ही उघडी केली तर उद्या माझी गरज काय?”

संपादक महोदय, ज्येष्ठ कामगार शिकवत नाहीत असे म्हणणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाने या वाक्यापाशी थांबावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. काकांच्या पिढीने स्वेच्छानिवृत्तीची पत्रे जवळून पाहिली आहेत. सातपूर आणि अंबडमधल्या माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत ते पत्र आले, एकरकमी पैसे मिळाले, ते मुलीच्या लग्नात आणि घराच्या हप्त्यांत संपले आणि पन्नाशीतला कुशल फिटर एखाद्या गेटवर सुरक्षारक्षक म्हणून उभा राहिला. निवृत्तीनंतर हाती काय येणार, हेही या लोकांना पक्के ठाऊक आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ सालची. वयाच्या ५८व्या वर्षी सुरू होणाऱ्या या पेन्शनसाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये धरली जाते, तिला सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागतात, म्हणजे ३५ वर्षांच्या सेवेलाही महिन्याला साडेसात हजारांच्या आसपास रक्कम येते. किमान पेन्शन तर २०१४ पासून १,००० रुपयेच आहे. ज्याच्यापुढे हा हिशेब आहे, तो आपली शेवटची काही वर्षे सांभाळून राहणार. त्याने वही मिटून ठेवली तर त्याला कोत्या मनाचा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता दुसरी बाजू. पेठच्या त्या मुलाला मी विचारले की, काकांकडे बसून शिकून का घेत नाहीस. त्याचेही उत्तर तितकेच सरळ होते. “सर, माझे सात महिने झालेत. अकराव्या महिन्यात ब्रेक देतील. मग मी दुसरीकडे. हे यंत्र तिथे असेल की नाही, कुणाला माहीत?” कंत्राटावर आलेल्या मुलाची मनःस्थिती यापेक्षा स्पष्ट शब्दांत मी तरी ऐकलेली नाही. त्याला अधीर म्हणायचे, निष्ठा नाही म्हणायचे, हे सोपे आहे. परंतु कारखान्याने त्याला अकरा महिन्यांची निष्ठा दिली असेल, तर त्याने कारखान्याला पाच वर्षांची निष्ठा द्यावी, ही अपेक्षा कोणत्या हिशेबात बसते?

सरकारी योजनांची दिशा तरुणांना कामाच्या दारापर्यंत आणण्याची आहे आणि त्या बाबतीत खरोखर पावले पडली आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय प्रशिक्षुता प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा एक चतुर्थांश वाटा, महिन्याला कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. आपल्या राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तीत आयटीआय झालेल्या मुलाला ८,००० रुपये विद्यावेतन ठरले आणि मुदत सुरुवातीला सहा महिन्यांची होती. हे सगळे स्वागतार्ह आहे. मात्र या प्रत्येक योजनेत शिकणाऱ्याचा विचार आहे आणि त्याच्याशेजारी उभे राहून शिकवणाऱ्या माणसाचा कुठेच नाही. कारखान्यातही तसेच. काकांच्या पगारपत्रकात उत्पादनाचा प्रोत्साहन भत्ता आहे, हजेरीचा आहे, रात्रपाळीचा आहे, शिकवण्याचा नाही. उलट शिकवायला वेळ दिला की त्या पाळीचे नग कमी निघतात आणि प्रोत्साहन भत्ता कापला जातो. म्हणजे आजच्या व्यवस्थेत शिकवणारा माणूस पदरचे पैसे घालून शिकवतो.

शिकण्याची गरज एकाच बाजूला आहे, असा कोणाचा समज होऊ नये. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे उत्पादनाची नोंद कागदावरून टॅबवर गेली. प्रत्येक यंत्राजवळ टॅब बसले. प्रशिक्षण एका तासाचे होते, इंग्रजी स्लाइडवर होते आणि रात्रपाळी संपवून आलेल्यांना सकाळी सव्वासातला दिले गेले. पुढचे तीन महिने माझ्या लक्षातही आले नाही की, चार ज्येष्ठ ऑपरेटरांच्या नोंदी प्रत्यक्षात त्यांच्या शेजारच्या यंत्रावरची मुले भरत होती. कोणीही चहाडी केली नाही. काकांची नोंद भरून देणे आणि ती त्यांनीच भरली आहे असे दाखवणे, हे या मुलांनी आपसांत ठरवून पाळले होते. ‘आजची पिढी ज्येष्ठांचा मान ठेवत नाही’ असे जे सरसकट म्हटले जाते, ते ऐकले की मला या चार टॅबची आठवण होते.

एका मुलाकडून हे कळल्यावर मी एका ज्येष्ठ ऑपरेटरजवळ जाऊन बसलो. त्यांना टॅब येत नव्हता असे नव्हतेच. त्यांना पडद्यावरची अक्षरे दिसत नव्हती. पंचेचाळिशीनंतर जवळचे दिसायला चष्मा लागतो, हे सर्वांना माहीत असते. परंतु सुरक्षेचा गॉगल घातल्यावर त्याखाली चाळिशीचा चष्मा बसत नाही आणि गॉगल काढला तर शिस्तभंग होतो, ही अडचण त्यांनी लाजेखातर कोणाला सांगितली नव्हती. आम्ही नंबरचे सुरक्षा चष्मे करून घेतले, टॅबवरचे अक्षर मोठे केले आणि सूचना मराठीत केल्या. ज्या मुलाने तीन महिने नोंदी भरल्या होत्या, त्यालाच चहाच्या सुट्टीत शिकवायला सांगितले. आठ दिवसांत चारही जण आपली नोंद आपण भरू लागले. ज्या गोष्टीला आम्ही ‘बदलाला विरोध’ असे नाव दिले होते, ती नजरेची अडचण होती.

हाक मारण्याचाही प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या भाषेत मान आणि आपुलकी या दोन्ही गोष्टी हाकेतूनच कळतात. ‘काका’ ही हाक प्रेमाची आहे. परंतु ‘काका, तुम्ही राहू द्या, मी करतो’ असे दिवसातून चारदा म्हटले गेले की त्या प्रेमात माणसाच्या हातचे काम निघून जाते. तसेच ‘अरे पोरा, तुला काय कळते’ या वाक्याने बावीस वर्षांच्या मुलाचा एखादा खरा प्रश्न कायमचा गिळला जातो. आमच्याकडे गुणवत्ता विभागात पंचवीस वर्षांची एक अभियंता मुलगी आली. पहिल्याच आठवड्यात तिने एका ज्येष्ठाचा नग नाकारला. सगळा विभाग पाहत होता. तिने नग आणि मायक्रोमीटर दोन्ही त्यांच्या हातात दिले आणि म्हणाली, “काका, मला सात मायक्रॉन जास्त दिसतात, तुम्ही एकदा मोजता का?” त्यांनी मोजले, मान हलवली आणि नग स्वतःच्या हाताने लाल पेटीत टाकला. तेव्हापासून ते तिला ‘ताई’ म्हणतात. तिच्या अगोदरचा अभियंता त्याच ज्येष्ठाला नावाने एकेरीत हाक मारायचा. तो काही वाईट माणूस नव्हता, त्याला कोणी सांगितले नव्हते. नव्या अभियंत्यांना आपण यंत्रांची ओळख करून देतो, मग ज्यांच्याबरोबर काम करायचे त्या माणसांचीही ओळख पहिल्याच दिवशी करून द्यायला काय हरकत आहे?

सुट्टी आणि जादा वेळ या विषयांवर दोन पिढ्यांची नेहमी खडाजंगी होते. त्यावर माझे मत स्पष्ट आहे आणि माझ्या वयाच्या काही मित्रांना ते आवडत नाही. आमची पिढी पाळी संपल्यावरही तास-दोन तास थांबायची आणि त्याचा अभिमान बाळगायची. आजचा मुलगा पाळी संपली की निघतो आणि थांबायचे असेल तर ओव्हरटाइमची नोंद मागतो. जादा तासांना दुप्पट दराने वेतन द्यावे, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमातच होते. तो मुलगा कायद्याने ठरलेले मागतो आहे आणि आम्ही ते मागितले नाही, म्हणून त्याने मागू नये, असे म्हणता येणार नाही. रजेचा अर्ज व्हॉट्सॲपवर टाकला म्हणून रागावणाऱ्यांनाही मी एवढेच म्हणेन की, आदल्या दिवशी वेळेवर आलेला निरोप सकाळी टेबलावर सापडलेल्या अर्जापेक्षा पाळी लावणाऱ्याच्या जास्त उपयोगाचा असतो.

आमच्या जिल्ह्यात येवल्याला पैठणीच्या मागावर घरातल्या तीन पिढ्या एकत्र काम करतात. कोणी कांड्या भरतो, कोणी ताणा लावतो, तरुण डोळे पदरावरची नक्षी विणतात आणि ज्येष्ठ बाजूला बसून चुकलेला धागा दाखवतात. कामाची ही वाटणी पाहून मन भरून येते आणि अनेकदा भाषणांत तिचा दाखला दिला जातो. परंतु तो माग घरचा आहे. तिथे आजोबांनी विद्या दिली तरी त्यांचे ताट कोणी काढून घेत नाही आणि नातू अकराव्या महिन्यात घर सोडून जात नाही. कारखान्यात ही खात्री नाही, ती मुद्दाम निर्माण करावी लागते. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ असे फलक लावून ती निर्माण होत नाही.

जानेवारीनंतर आम्ही जे केले ते थोडक्यात सांगतो, कारण दुसऱ्या कोणाला उपयोग होईल. प्रथम मी व्यवस्थापनाकडून एक लेखी पत्र मिळवले की, ज्येष्ठ ऑपरेटरने आपल्या कामाची माहिती लिहून दिली या कारणाने त्याची बदली, पदावनती किंवा सेवानिवृत्ती होणार नाही. हे पत्र मिळवायला मला पाच आठवडे लागले आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे काम तेच झाले. त्यानंतर पहिली आणि दुसरी पाळी यांच्यामध्ये वीस मिनिटे अशी ठेवली की, दोन्ही पाळ्यांची माणसे यंत्राजवळ एकत्र असतील. ती वीस मिनिटे पगारी आहेत आणि शिकवणाऱ्याच्या उत्पादनाच्या हिशेबातून वजा होतात. प्रत्येक यंत्राचा एक सेटिंग कागद मराठीत तयार होतो. ज्येष्ठ सांगतो, तरुण लिहितो, फोटो काढतो आणि खाली दोघांचीही नावे येतात. काकांनी पहिल्या कागदावर आपले नाव छापलेले पाहिले, तेव्हा तो कागद त्यांनी घरी दाखवायला मागून नेला.

सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. एका ज्येष्ठाने अजून एक ओळही सांगितलेली नाही आणि मी त्यांच्यावर सक्ती करणार नाही. दोन मुले चांगले शिकून, महिन्याला दोन हजार रुपये जास्त मिळतात म्हणून, चाकणला निघून गेली. काही यंत्रांवर वीस मिनिटांत गप्पाच जास्त होतात. वीस मिनिटांचे उत्पादन गेले, हा प्रश्न वरून दर महिन्याला विचारला जातो आणि सत्तेचाळीस नगांचा कागद मी दर महिन्याला पुढे ठेवतो.

नाशिककरांना ही गोष्ट अवघड वाटू नये. ओझरला १९६४ साली मिग विमानांसाठी उभ्या राहिलेल्या कारखान्यात पुढे सुखोई तयार झाले आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच ओझरमध्ये बनलेल्या तेजस एमके-१ए ने उड्डाण केले. त्याच्या तीनच आठवडे आधी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले होते. साठ वर्षांत विमाने बदलली आणि माणसेही बदलली, पण कामात खंड पडला नाही. नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयाला शंभर वर्षे झाली. या शहराला हातातले कौशल्य पुढे देण्याची सवय आहे. मोठ्या संस्थांना जे जमते, त्यासाठी लागणारी उसंत अंबड आणि सातपूरच्या लहान कारखान्यांना मिळत नाही, ही खरी अडचण आहे. वीस माणसांच्या युनिटला वेगळा प्रशिक्षण विभाग परवडत नाही.

म्हणून माझी विनंती निमा आणि आयमा या आपल्या उद्योजक संघटनांना आहे. त्यांनी सदस्य कारखान्यांसाठी ज्येष्ठ कामगाराच्या शिकवण्याच्या तासांचा एक साधा, समान दर ठरवून द्यावा आणि निवृत्त झालेल्या कुशल कामगारांची एक यादी करावी, म्हणजे लहान युनिट आठवड्यातून एक दिवस अशा माणसाला मानधनावर बोलावू शकेल. शासनाला विनंती अशी की, विद्यावेतनाचा वाटा उचलताना शिकवणाऱ्याच्या भत्त्याचाही थोडा वाटा उचलावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी देण्याची तरतूद आहे. कारखानदारांनी अकराव्या महिन्याचा ब्रेक सोडून किमान दोन-तीन वर्षांच्या मुदतीने मुले घेतली, तर ती मुले आजच्यापेक्षा अधिक मन लावून शिकतील, असा माझा अनुभवावरून विश्वास आहे. कामगार संघटनांनीही पुढच्या वेतनकरारात शिकवण्याच्या भत्त्याचे कलम आवर्जून मागावे.

आमचे काका येत्या मे महिनाअखेरीस निवृत्त होत आहेत. त्यांच्या वहीतली बत्तीस पाने आतापर्यंत उतरवून झाली, अकरा उरली आहेत. पेठच्या मुलाची मुदत एप्रिलमध्ये संपते. त्याला आणखी एक वर्ष ठेवावे, असा प्रस्ताव मी लेखी दिला आहे आणि निदान मे अखेरपर्यंत तरी तो राहावा, यासाठी रोज पाठपुरावा करतो आहे.

कळावे.

आपला नम्र,
एक पर्यवेक्षक, अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)